बेसबॉल कार्डांच्या ऑनलाइन बाजारपेठा

बेसबॉलपटूंची छायाचित्रे आणि त्यांच्या कामगिरीची आकडेवारी छापलेल्या संग्राह्य कार्डांची खरेदी-विक्री ज्या संकेतस्थळांवर आणि अ‍ॅपवर होते, त्यांना बेसबॉल कार्डांच्या ऑनलाइन बाजारपेठा म्हणतात. हा व्यवहार प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत चालतो. ईबे ही यांतील सर्वांत मोठी खुली बाजारपेठ आहे. तिच्याखेरीज सीओएमसी, स्पोर्टलॉट्स, मायस्लॅब्स, ऑल्ट, फॅनॅटिक्स कलेक्ट आणि व्हॉटनॉट ही संकेतस्थळे, तसेच हेरिटेज, गोल्डिन आणि रॉबर्ट एडवर्ड ही लिलावगृहे या क्षेत्रात प्रसिद्ध आहेत.

या बाजारपेठांची तुलना बहुधा त्यांच्या शुल्कावरून केली जाते. परंतु शुल्काइतकेच महत्त्व आणखी तीन बाबींना आहे : विक्री होईपर्यंत कार्ड कोणाच्या ताब्यात असते, किंमत कोणत्या पद्धतीने ठरते आणि कार्ड बनावट किंवा सदोष निघाल्यास नुकसान कोण सोसते. एकच कार्ड दोन बाजारपेठांत विकले असता विक्रेत्याच्या हाती पडणाऱ्या रकमेत जो फरक पडतो, त्याचे मूळ या बाबींत असते.

## पार्श्वभूमी

अमेरिकेत बेसबॉल कार्डे एकोणिसाव्या शतकापासून छापली जात आहेत. सुरुवातीला ती तंबाखूच्या व सिगारेटच्या पाकिटांत घालून दिली जात. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात काढलेली कार्डे संग्राहकांत ‘टी२०६’ या नावाने ओळखली जातात. या संचातील होनस वॅगनर या खेळाडूचे कार्ड अत्यंत दुर्मीळ आहे. पुढे कार्डे च्युइंगगमबरोबर मिळू लागली. टॉप्स कंपनीचा १९५२ चा संच हा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कार्डांमध्ये सर्वांत महत्त्वाचा मानला जातो. त्यातील मिकी मॅंटलचे ३११ क्रमांकाचे कार्ड विशेष प्रसिद्ध आहे.

आंतरजालापूर्वी कार्डांचा व्यापार दुकाने, संग्राहकांचे मेळावे आणि टपालाने होणारी देवाणघेवाण यांवर चालत असे. १९८० पासून भरणारे राष्ट्रीय क्रीडासंग्राहक अधिवेशन हा त्यांतील सर्वांत मोठा मेळावा होय. किमतींसाठी छापील दरपुस्तिका वापरल्या जात. संख्याशास्त्राचे प्राध्यापक जेम्स बेकेट यांनी १९७९ मध्ये सहलेखकासह अशी दरपुस्तिका प्रसिद्ध केली आणि १९८४ मध्ये त्यांचे मासिक सुरू झाले. दुकानदार आणि ग्राहक हे दोघेही ‘बेकेटचा भाव’ प्रमाण मानून सौदा करीत. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९९०च्या दशकाच्या आरंभी कंपन्यांनी प्रचंड प्रमाणात कार्डे छापली. त्यामुळे त्या काळातील बहुसंख्य कार्डांना आजही फारशी किंमत येत नाही. १९९४-९५ मधील खेळाडूंच्या संपामुळे बेसबॉलची लोकप्रियता घटली व कार्डांच्या व्यापारालाही त्याची झळ बसली.

सप्टेंबर १९९५ मध्ये पिअर ओमिड्यार यांनी कॅलिफोर्नियात ‘ऑक्शनवेब’ हे संकेतस्थळ सुरू केले. १९९७ मध्ये त्याचे नाव ‘ईबे’ झाले. जुन्या संग्राह्य वस्तू हा या संकेतस्थळाच्या सुरुवातीच्या व्यवहाराचा मोठा भाग होता. जुलै २००० मध्ये होनस वॅगनर कार्डाची सर्वांत प्रसिद्ध प्रत ईबेवर १२ लाख ६५ हजार डॉलरला विकली गेली. दहा लाख डॉलरहून अधिक किंमत मिळालेले ते पहिले बेसबॉल कार्ड ठरले. पडद्यावर चित्र पाहून, प्रत्यक्ष न हाताळता एवढ्या रकमेचा सौदा होऊ शकतो, हे त्यातून दिसून आले.

२०२० मधील करोना साथीच्या काळात घरी अडकलेले अनेक लोक या छंदाकडे वळले. ईबेने दिलेल्या माहितीनुसार, अमेरिकेत त्या वर्षी सर्व प्रकारच्या संग्राह्य कार्डांची विक्री आधीच्या वर्षापेक्षा १४२ टक्क्यांनी वाढली. मागणीच्या या लाटेतच थेट प्रक्षेपणातून विक्री करणाऱ्या आणि कार्डे तिजोरीत सांभाळणाऱ्या नव्या कंपन्यांना बळ मिळाले.

## बाजारपेठांचे प्रकार

### खुल्या बाजारपेठा

खुल्या बाजारपेठेत विक्रेता स्वतः कार्डाची छायाचित्रे काढतो, वर्णन लिहितो आणि विक्री झाल्यावर स्वतःच कार्ड पाठवतो. ईबे हे याचे प्रमुख उदाहरण आहे. तेथे लिलाव, ठरावीक किंमत आणि ‘तुमची किंमत सांगा’ अशा तीन पद्धतींनी विक्री करता येते.

ईबेच्या लिलावात बोली लावणारा आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवतो. यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. त्यामुळे अंतिम किंमत ही बहुधा दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा थोडीशीच अधिक असते. लिलाव ठरलेल्या क्षणी संपत असल्याने शेवटच्या काही सेकंदांत बोली लावण्याची प्रथा पडली आहे. एखाद्या कार्डासाठी दोन उत्सुक संग्राहक त्या दिवशी हजर नसतील, तर चांगले कार्डही स्वस्तात जाते. म्हणून मागणी अनिश्चित असलेली कार्डे अनुभवी विक्रेते ठरावीक किमतीलाच मांडतात.

मायस्लॅब्स हे संकेतस्थळ मुख्यतः प्रतवारी झालेल्या कार्डांसाठी असून तेथील दलाली कमी आहे. तथापि तेथील ग्राहकांची संख्या ईबेच्या मानाने बरीच लहान आहे.

### अल्प किमतीच्या कार्डांच्या बाजारपेठा

बहुसंख्य बेसबॉल कार्डांची किंमत एक-दोन डॉलर किंवा त्याहूनही कमी असते. संच पूर्ण करू पाहणाऱ्या संग्राहकाला अशीच कार्डे मोठ्या संख्येने हवी असतात. प्रत्येक कार्डासाठी वेगळा टपालखर्च केल्यास तो कार्डाच्या किमतीहून अधिक होतो. ही अडचण दोन संकेतस्थळांनी दोन मार्गांनी सोडवली आहे.

स्पोर्टलॉट्सवर विक्रेते तयार याद्यांमधून आपल्याकडील कार्डे निवडून त्यांच्या किमती भरतात. एकाच विक्रेत्याकडून अनेक कार्डे एकत्र घेतली की टपालखर्च विभागला जातो. सीओएमसीची पद्धत वेगळी आहे. तेथे विक्रेता आपली कार्डे वॉशिंग्टन राज्यातील कंपनीकडे पाठवतो. कंपनी प्रत्येक कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रतिमा घेऊन ते यादीत टाकते आणि विकले जाईपर्यंत सांभाळते. ग्राहक वेगवेगळ्या विक्रेत्यांची कार्डे विकत घेऊन तेथेच ठेवू शकतो, सवडीने सर्व कार्डे एका पाकिटात मागवू शकतो, किंवा ती न मागवता नवी किंमत लावून पुन्हा विकायला काढू शकतो. परिणामी एखादे कार्ड जागचे न हलता अनेकदा मालक बदलते. प्रत्येक कार्डामागे आकारले जाणारे नोंदणीशुल्क आणि विक्रीची रक्कम काढून घेताना होणारी कपात हा या सोयीचा मोबदला होय.

### लिलावगृहे

लिलावगृह विक्रेत्याकडून कार्ड ताब्यात घेते, त्याची तपासणी करते, सूचीत त्याचा इतिहास व छायाचित्रे प्रसिद्ध करते आणि ठरावीक मुदतीत ऑनलाइन बोली मागवते. डॅलस येथील हेरिटेज, तसेच न्यू जर्सीतील गोल्डिन आणि रॉबर्ट एडवर्ड ही या क्षेत्रातील प्रमुख लिलावगृहे आहेत. अनेक लिलावगृहांत मुदत संपल्यावरही बोली येत असल्यास वेळ वाढवून दिली जाते. त्यामुळे शेवटच्या सेकंदाच्या बोलीचा लाभ तेथे मिळत नाही.

विक्रमी किमतींचे बहुतेक सौदे लिलावगृहांत झाले आहेत. १९५२ चे टॉप्स मॅंटल कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये हेरिटेजच्या लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेले. त्याच्या मालकाने ते १९९१ मध्ये ५० हजार डॉलरला घेतले होते. त्याच महिन्यात होनस वॅगनर कार्डाची एक प्रत गोल्डिनमार्फत ७२ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली. माइक ट्राउट या खेळाडूच्या २००९ मधील एकमेव छापलेल्या स्वाक्षरी-कार्डाचे उदाहरण बाजारपेठेच्या निवडीच्या दृष्टीने बोलके आहे. ते २०१८ मध्ये ईबेवर ४ लाख डॉलरला घेतले गेले आणि ऑगस्ट २०२० मध्ये गोल्डिनच्या लिलावात सुमारे ३९ लाख ३६ हजार डॉलरला विकले गेले. या वाढीमागे त्या काळातील तेजी हे मोठे कारण होते. तथापि मोठ्या रकमेचे ग्राहक जेथे जमतात तेथे कार्ड मांडण्याचा लाभही त्यातून दिसतो.

### थेट प्रक्षेपणातून विक्री

२०१९ मध्ये स्थापन झालेल्या व्हॉटनॉटवर विक्रेता कॅमेऱ्यासमोर कार्डे दाखवतो आणि प्रेक्षक त्याच वेळी बोली लावतात. एकेका कार्डाचा लिलाव अनेकदा मिनिटाच्या आत संपतो. फॅनॅटिक्स कंपनीने २०२३ मध्ये अशीच सेवा सुरू केली.

अशा प्रक्षेपणांत ‘ब्रेक’ हा प्रकार लोकप्रिय आहे. त्यात विक्रेता कार्डांची बंद पेटी सर्वांसमोर उघडतो. ग्राहकांनी आधीच एकेक संघ विकत घेतलेला असतो. मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ असल्याने एका पेटीचे ३० वाटे होतात आणि पेटीत ज्या संघाचे कार्ड निघेल ते त्या वाटेकऱ्याला मिळते. महागडी पेटी एकट्याने घेण्यापेक्षा यात खर्च कमी येतो, पण पैसे भरूनही एकही मोलाचे कार्ड न मिळण्याची शक्यता मोठी असते. हा प्रकार जुगारासारखा असल्याची टीका होते. बोली लावण्यासाठी मिळणारा वेळ अत्यल्प असल्याने आधीच्या विक्रीच्या किमती पडताळून पाहण्यास ग्राहकाला सवड मिळत नाही, हा या पद्धतीवरील दुसरा आक्षेप आहे.

### समाजमाध्यमांवरील गट

फेसबुकसारख्या माध्यमांवरील गटांत संग्राहक एकमेकांशी थेट सौदा करतात. तेथे दलाली नसल्याने किमती कमी असतात. मात्र पैसे कोणत्या मार्गाने दिले यावर ग्राहकाची सुरक्षितता अवलंबून असते. पेपॅलवर वस्तू व सेवांसाठी पैसे देण्याच्या पर्यायात ग्राहकाला संरक्षण मिळते. मित्र व कुटुंबीयांना पैसे पाठवण्याच्या पर्यायात ते मिळत नाही. शुल्क वाचवण्यासाठी दुसरा पर्याय सुचवणाऱ्या विक्रेत्याकडून कार्ड न आल्यास पैसे परत मिळण्याची आशा फार थोडी असते.

## तुलना

| प्रकार | उदाहरणे | विक्रीपूर्वी कार्डाचा ताबा | किंमत ठरण्याची पद्धत | कोणत्या कार्डांसाठी सोयीचे |
|---|---|---|---|---|
| खुली बाजारपेठ | ईबे, मायस्लॅब्स | विक्रेत्याकडे | लिलाव, ठरावीक किंमत किंवा घासाघीस | मध्यम किमतीची, नियमित मागणी असलेली |
| याद्यांवर आधारित | स्पोर्टलॉट्स | विक्रेत्याकडे | ठरावीक किंमत | संचातील सामान्य कार्डे |
| साठवण करून विक्री | सीओएमसी | कंपनीकडे | ठरावीक किंमत, प्रतिप्रस्ताव | अल्प किमतीची, मोठ्या संख्येने |
| लिलावगृह | हेरिटेज, गोल्डिन, रॉबर्ट एडवर्ड | लिलावगृहाकडे | मुदतीचा लिलाव | दुर्मीळ व अतिमौल्यवान |
| तिजोरीसह विक्री | फॅनॅटिक्स कलेक्ट, ऑल्ट | कंपनीकडे | लिलाव व ठरावीक किंमत | प्रतवारी झालेली |
| थेट प्रक्षेपण | व्हॉटनॉट | विक्रेत्याकडे | अल्पावधीचा लिलाव | नवी कार्डे, पेट्यांचे वाटे |
| समाजमाध्यमांवरील गट | फेसबुकवरील गट | विक्रेत्याकडे | आपसांतील सौदा | परिचितांमधील व्यवहार |

## शुल्क आणि हाती येणारी रक्कम

विक्रीची जाहीर किंमत आणि विक्रेत्याला मिळणारी रक्कम यांत नेहमीच अंतर असते. ईबेच्या २०२४ मधील दरांनुसार, दुकान नसलेल्या सामान्य विक्रेत्याला संग्राह्य कार्डांवर ७,५०० डॉलरपर्यंतच्या रकमेसाठी १३.२५ टक्के आणि त्यावरील रकमेसाठी २.३५ टक्के शुल्क द्यावे लागे. याशिवाय १० डॉलरपर्यंतच्या प्रत्येक मागणीवर ३० सेंट व त्याहून मोठ्या मागणीवर ४० सेंट इतका ठरावीक आकार होता. टपालखर्च आणि विक्रीकर धरून होणाऱ्या एकूण रकमेवर हे शुल्क मोजले जाते. व्हॉटनॉटचा सर्वसाधारण दर ८ टक्के दलाली आणि त्याशिवाय पैशांच्या हस्तांतरणासाठी २.९ टक्के व ३० सेंट असा होता.

टपालखर्च व कर बाजूला ठेवल्यास २० डॉलरच्या कार्डावर ईबेचे शुल्क ३ डॉलर ५ सेंट होते, तर व्हॉटनॉटचे २ डॉलर ४८ सेंट. एक डॉलरच्या कार्डावर ईबेचे शुल्क ४३ सेंट पडते, म्हणजे किंमत जवळजवळ निम्म्यावर येते. त्यात ३० सेंटचा ठरावीक आकार हा मोठा भाग असतो. अल्प किमतीच्या कार्डांसाठी स्वतंत्र बाजारपेठा निर्माण होण्याचे हे प्रमुख कारण आहे.

लिलावगृहांचा हिशेब वेगळा असतो. तेथे अंतिम बोलीवर खरेदीदाराकडून अधिभार घेतला जातो. तो साधारणपणे २० टक्क्यांच्या आसपास असतो. १० हजार डॉलरच्या बोलीवर २० टक्के अधिभार धरल्यास खरेदीदार १२ हजार डॉलर देतो आणि वृत्तांतही १२ हजारांचीच किंमत छापून येते. विक्रेत्याकडून वेगळी दलाली घेतली नाही, तर त्याला १० हजार डॉलर मिळतात. तेच कार्ड ईबेवर १२ हजार डॉलरला विकले असते, तर वरील दरांनुसार सुमारे १,१०० डॉलर शुल्क जाऊन विक्रेत्याच्या हाती सुमारे १०,९०० डॉलर आले असते. यावरून लिलावगृहाचा मार्ग विक्रेत्याला तेव्हाच फायद्याचा ठरतो, जेव्हा तेथील ग्राहक हा फरक भरून काढण्याइतकी अधिक बोली लावतात. अतिमौल्यवान कार्डांच्या बाबतीत लिलावगृहे विक्रेत्याला अधिभारातील काही वाटाही देतात, आणि हा वाटा वाटाघाटीने ठरतो.

## किमतीची माहिती

ऑनलाइन व्यापारामुळे छापील दरपुस्तिकेची जागा प्रत्यक्ष झालेल्या विक्रीच्या नोंदींनी घेतली. अशा तुलनेसाठी वापरल्या जाणाऱ्या नोंदीला संग्राहक ‘कॉम्प’ म्हणतात. ईबेवर गेल्या ९० दिवसांत विकल्या गेलेल्या कार्डांच्या किमती कोणालाही पाहता येतात. मात्र घासाघिशीने विक्री झाल्यास तेथील नोंदीत मूळ मागितलेली किंमत खोडलेल्या स्वरूपात दिसते आणि प्रत्यक्ष स्वीकारलेली रक्कम दिसत नाही. ती शोधून देणारे ‘१३० पॉइंट’ हे संकेतस्थळ संग्राहकांत परिचित आहे. लिलावगृहे आपल्या जुन्या लिलावांचे निकाल आपल्या संकेतस्थळांवर उपलब्ध ठेवतात.

किमती पडताळताना मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत फरक करणे आवश्यक असते. १९८०-९०च्या दशकांतील एखादे सामान्य कार्ड हजारो डॉलरना मांडलेले पाहून घरातील जुन्या कार्डांविषयी मोठ्या अपेक्षा बाळगल्या जातात. विकल्या गेलेल्या कार्डांच्या यादीत मात्र तेच कार्ड काही सेंटना गेलेले आढळते. तसेच तुलना त्याच वर्षाच्या, त्याच संचातील, त्याच छपाईप्रकाराच्या आणि त्याच प्रतीच्या कार्डाशी करावी लागते. एकाच खेळाडूच्या एकाच क्रमांकाच्या कार्डाचे आधुनिक संचांत वेगवेगळ्या रंगांचे व मर्यादित संख्येचे अनेक प्रकार असतात आणि त्यांच्या किमतींत शेकडो पटींचा फरक पडू शकतो.

## प्रतवारी आणि अस्सलपणा

प्रत्यक्ष न पाहता होणाऱ्या व्यवहारात कार्डाची स्थिती हा वादाचा मुख्य विषय असतो. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाईचे मध्यवर्तीपण या चार बाबी तपासून कार्डाला १ ते १० अशी श्रेणी देण्याचे काम प्रतवारी कंपन्या करतात. त्यानंतर कार्ड मोहोरबंद पारदर्शक प्लॅस्टिकच्या आवरणात घातले जाते. अशा कार्डाला ‘स्लॅब’ आणि प्रतवारी न झालेल्या कार्डाला ‘रॉ’ म्हणतात. पीएसए ही कंपनी १९९१ मध्ये, एसजीसी १९९८ मध्ये आणि बेकेटची प्रतवारी सेवा १९९९ मध्ये सुरू झाली. ९ आणि १० या श्रेणींतील फरक डोळ्यांना क्वचितच जाणवतो, पण किमतीत तो काही पटींचा असू शकतो.

ईबेने जानेवारी २०२२ मध्ये संग्राह्य कार्डांसाठी अस्सलपणाची हमी देणारी सेवा आणली. सुरुवातीला ती प्रतवारी न झालेल्या, ७५० डॉलर किंवा अधिक किमतीच्या कार्डांपुरती होती. नंतर ही मर्यादा २५० डॉलरपर्यंत खाली आणली गेली आणि प्रतवारी झालेली कार्डेही तिच्यात आली. या सेवेत कार्ड आधी तपासणी केंद्रात जाते आणि वर्णनाशी जुळल्यावरच ग्राहकाकडे पाठवले जाते. या मर्यादेखालील कार्डांना ईबेची पैसे परत करण्याची सर्वसाधारण हमी लागू असते.

पुनर्मुद्रित कार्डे हा वेगळा धोका आहे. टॉप्सने स्वतःच १९८३ मध्ये १९५२ च्या संचाचे पुनर्मुद्रण केले. ही कार्डे बेकायदेशीर नाहीत, परंतु जाणूनबुजून अस्पष्ट वर्णन करून ती मूळ म्हणून विकण्याचे प्रयत्न होतात. म्हणून मागील बाजूचे स्पष्ट छायाचित्र नसलेल्या जुन्या कार्डापासून दूर राहण्याचा सल्ला दिला जातो.

## गैरव्यवहार

विक्रेत्याने स्वतः किंवा साथीदारामार्फत आपल्याच मालावर बोली लावून किंमत फुगवणे हा या क्षेत्रातील जुना गैरप्रकार आहे. त्यामुळे फसलेला ग्राहक अधिक पैसे देतोच, शिवाय ती फुगवलेली किंमत नोंदींत राहून पुढील व्यवहारांसाठी चुकीचे प्रमाण ठरते. एके काळी या क्षेत्रातील अग्रगण्य लिलावकर्ते असलेले बिल मॅस्ट्रो यांनी २०१३ मध्ये न्यायालयात अशा प्रकारच्या फसवणुकीची कबुली दिली. २०१५ मध्ये त्यांना २० महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. २००० मध्ये ईबेवर विकल्या गेलेल्या होनस वॅगनर कार्डाच्या कडा आपण पूर्वी छाटल्या होत्या, हेही त्यांनी त्या खटल्यात मान्य केले. हे कार्ड पीएसएने प्रतवारी केलेले पहिले कार्ड होते आणि त्याला ८ ही श्रेणी मिळाली होती. कडा छाटलेल्या कार्डाला नियमानुसार अशी श्रेणी मिळत नाही. कबुलीच्या आधीच, २००७ मध्ये, या कार्डाला २८ लाख डॉलर मिळाले होते.

ऑगस्ट २०२१ मध्ये ईबेने पीडब्ल्यूसीसी या मोठ्या विक्रेत्या कंपनीशी संबंध तोडले. कंपनीशी संबंधित व्यक्तींनी बनावट बोली लावल्याचा ठपका ईबेने ठेवला होता, आणि कंपनीने तो नाकारला. त्यानंतर या कंपनीने स्वतःची बाजारपेठ उभी केली.

## तिजोरी, पाठवणी आणि कर

मौल्यवान कार्डे घरी न मागवता कंपनीच्या विमासंरक्षित तिजोरीत ठेवण्याची सोय २०२०च्या दशकात रूढ झाली. पीडब्ल्यूसीसीची तिजोरी ओरेगनमध्ये, तर ईबेने २०२२ मध्ये सुरू केलेली तिजोरी डेलावेअरमध्ये होती. या दोन्ही राज्यांत विक्रीकर नाही. कार्ड ग्राहकाच्या राज्यात न जाता तिजोरीतच राहिले, तर खरेदीच्या वेळी विक्रीकर आकारला जात नाही. हे या सोयीचे एक मोठे आकर्षण आहे. २०१८ मधील ‘साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्याबाहेरील ऑनलाइन विक्रेत्यांकडूनही विक्रीकर घेण्यास मान्यता दिली. त्यामुळे बाजारपेठा आता हा कर स्वतःच वसूल करतात.

स्वस्त कार्डांच्या पाठवणीसाठी ईबेने २०२१ मध्ये २० डॉलरपर्यंतच्या कार्डांकरिता मागोवा घेता येणारी साध्या लिफाफ्याची सेवा सुरू केली. त्यापूर्वी विक्रेत्याला महागडे पार्सल किंवा मागोवा न घेता येणारे साधे पत्र, यांतून निवड करावी लागे.

अमेरिकेत संग्राह्य वस्तूंवरील दीर्घकालीन भांडवली नफ्यावर कमाल २८ टक्के दराने प्राप्तिकर लागू शकतो. समभागांवरील कमाल २० टक्के दरापेक्षा तो अधिक आहे.

## मालकीचे केंद्रीकरण

२०२१ नंतर या क्षेत्रातील मालकी झपाट्याने मोजक्या हातांत आली. फॅनॅटिक्सने जानेवारी २०२२ मध्ये टॉप्सचा कार्डव्यवसाय विकत घेतला आणि २०२३ मध्ये पीडब्ल्यूसीसी ताब्यात घेतली. २०२४ मध्ये तिचे नामांतर ‘फॅनॅटिक्स कलेक्ट’ असे झाले. यामुळे कार्डे छापणारी, ती थेट प्रक्षेपणातून विकणारी आणि त्यांची फेरविक्री घडवून आणणारी कंपनी एकच झाली. पॉल स्कीन्स या गोलंदाजाच्या पदार्पणातील गणवेशाचा तुकडा लावलेले टॉप्सचे एकमेव कार्ड मार्च २०२५ मध्ये फॅनॅटिक्स कलेक्टवरच सुमारे ११ लाख १० हजार डॉलरला विकले गेले.

पीएसएची मूळ कंपनी असलेल्या कलेक्टर्सने २०२१ मध्ये गोल्डिन लिलावगृह आणि २०२४ मध्ये एसजीसी विकत घेतली. त्याच वर्षी झालेल्या देवघेवीत गोल्डिन ईबेकडे गेले, तर ईबेची तिजोरी पीएसएकडे आली. कार्डाची श्रेणी ठरवणारी संस्था आणि त्या श्रेणीवर किंमत ठरणारी बाजारपेठ यांचे व्यावसायिक हितसंबंध जुळल्यास प्रतवारीच्या तटस्थतेविषयी शंका घेतली जाते. दुसऱ्या बाजूला, प्रतवारी, साठवण व विक्री एकाच ठिकाणी झाल्याने वेळ व पाठवणीतील जोखीम वाचते, असे या व्यवस्थेचे समर्थन केले जाते.

## भारताशी संबंध

मुंबईस्थित ‘बाझी डॉट कॉम’ हे लिलावाचे संकेतस्थळ ईबेने २००४ मध्ये विकत घेतले आणि त्याचे रूपांतर ‘ईबे इंडिया’मध्ये केले. २०१७ मध्ये ईबे इंडिया फ्लिपकार्टकडे गेले व ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले. त्यानंतर भारतातील संग्राहकांना बेसबॉल कार्डांसाठी ईबेच्या अमेरिकी संकेतस्थळावरून परदेशी खरेदी करावी लागते. अशा खरेदीत कार्डाच्या किमतीखेरीज आंतरराष्ट्रीय पाठवणी, सीमाशुल्क आणि चलनबदलाचा खर्च येतो. त्यामुळे अल्प किमतीचे एकटे कार्ड मागवणे परवडत नाही. अनेक कार्डे एकत्र साठवून एकाच पाकिटात पाठवणाऱ्या बाजारपेठा परदेशस्थ संग्राहकांना विशेष उपयुक्त ठरतात.